फौजेतले कसब कागदावर कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त होऊन घरी परतलेल्या माणसाविषयी ‘पेन्शनला आला’ असे म्हणतात. शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे हे शब्द ऐकून साठी उलटलेला, पारावर निवांत बसलेला गृहस्थ उभा राहत असेल, तर तो गैरसमज आहे. माझे यजमान २२ वर्षांची नोकरी करून २०२१ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनला आले, तेव्हा त्यांचे वय ४१ होते. थोरली मुलगी आठवीत होती, धाकटा चौथीत होता आणि घरासाठी काढलेल्या कर्जाची अकरा वर्षे बाकी होती. तिन्ही दलांतून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसे सेवामुक्त होतात आणि त्यांतील बहुसंख्य ३५ ते ४५ या वयातली असतात. या वयात दुसरी नोकरी हौसेखातर कोणी शोधत नाही.

यजमान लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात वाहन मेकॅनिक होते. स्टॅलियन ट्रकचे इंजिन उतरवणे, गिअरबॉक्स खोलणे, डिझेल गोठेल अशा थंडीत अर्ध्या रात्री बंद पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे, हे त्यांचे रोजचे काम होते आणि शेवटची सहा वर्षे तर हाताखालच्या पोरांना ते हेच शिकवत होते. घरी आल्यावर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, जिथे मालवाहू गाड्यांच्या देखभालीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे ते मुलाखतीला गेले. समोरच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, ‘आयटीआय कुठून केले?’ यजमानांनी डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्त होताना लष्कराकडून मिळणारी नोंदवही, पुढे केले. त्यात त्यांचा ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, आणि वर्ग इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेला आहे, खाली रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे. त्या गृहस्थांनी दोन पाने उलटली, पुस्तक परत दिले आणि अत्यंत आदराने, खरोखर आदराने, सांगितले की मेकॅनिकच्या जागेसाठी आमच्या नियमात हे बसत नाही, पण फौजी माणूस म्हणून गेटवर सुरक्षा रक्षकाची जागा लगेच देऊ. यजमानांनी ती घेतली. आठ महिने ते त्याच गेटवर उभे राहिले आणि आत जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून कुठल्या गाडीचे इंजेक्टर गेले आहेत, हे रात्री जेवताना मला सांगत राहिले.

सुरक्षा रक्षकाचे काम हलके आहे, असे मला म्हणायचे नाही. राज्याचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आणि केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतील सुरक्षा संस्था यांच्यामुळे हजारो घरांत चूल पेटते, हे मी जाणते. परंतु सिग्नलमध्ये वीस वर्षे काढलेला, रेडिओ संच दुरुस्त करणारा, मेडिकलमध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा राहिलेला, पाचशे माणसांच्या शिध्याचा हिशेब ठेवणारा आणि रोलर चालवून डोंगरात रस्ते करणारा, असे सगळेच जण शेवटी एकाच निळ्या गणवेशात एकाच प्रकारच्या गेटवर उभे राहत असतील, तर कुठे तरी आपले चुकते आहे. चूक माणसांच्या कसबात नाही. ते कसब नागरी जगाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले नसते आणि जिथे लिहिलेले असते, तिथे समोरच्याला त्याचा अर्थ ठाऊक नसतो.

सोयी मुळीच नाहीत, असेही नाही. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम जेसीओ (हवालदाराच्या वरचे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांसाठी विनाशुल्क असतात. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंगत्व आलेल्या जवानांना हातातले काम शिकवीत आली आहे आणि ही संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, यातच तिची गरज सिद्ध होते. अलीकडे लष्करातील ट्रेड राष्ट्रीय कौशल्य आराखड्याच्या स्तरांशी जोडण्याचे कामही झाले आहे. मात्र अमुक स्तराचे प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयच्या कोणत्या परीक्षेच्या तोडीचे, हे तालुक्याच्या गॅरेजमालकाला, नगरपालिकेच्या आस्थापना विभागातील लिपिकाला किंवा कारखान्याच्या कार्मिक अधिकाऱ्याला कोणी सांगितलेले नाही. शिवाय अभ्यासक्रमाला जायचे तर युनिटने वेळेवर मोकळे करावे लागते. माणसे कमी असली, युनिट पुढच्या भागात असले, की तो जवान शेवटच्या महिन्यापर्यंत तिथेच राहतो आणि मग एकदम पेटी, बेडिंग आणि डिस्चार्ज बुक घेऊन घरी येतो.

हे करता येत नाही असे म्हणावे, तर सरकारनेच ते करून दाखवले आहे. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी अग्निवीर भरती करणारी अग्निपथ योजना जाहीर झाली, त्याच सुमारास इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत अग्निवीरांसाठी असा पदवी अभ्यासक्रम जाहीर झाला, ज्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे धरले जातात. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची सोय देण्यात आली. चार वर्षांच्या सेवेतील शिक्षणाचे मोल अर्ध्या पदवीइतके होऊ शकते, तर मग २२ वर्षे इंजिने खोलणाऱ्या हवालदाराला आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या परीक्षेला थेट बसू देऊन, महिनाभराच्या उजळणीनंतर तेच प्रमाणपत्र का देता येऊ नये? पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची पद्धत कौशल्य विकास योजनेत आहेच. तिची परीक्षा निवृत्तीच्या वर्षात, युनिटमध्येच घेतली, तर जवान घरी येतानाच तो कागद खिशात घेऊन येईल.

आरक्षणाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण ‘तुम्हाला तर राखीव जागा आहेत’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो. केंद्राच्या सेवेत गट-क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट-ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत. महाराष्ट्रात १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच लागू होणारे, आरक्षण आहे. परंतु यातील पुष्कळ जागा योग्य उमेदवार मिळाला नाही या शेऱ्यासह इतरांकडे जातात, कारण समांतर आरक्षणातली रिकामी जागा पुढे ओढली जात नाही. उमेदवार मिळत नाही, याचे एक कारण परीक्षेच्या तयारीचे आहे आणि दुसरे पुन्हा कागदाचेच. दहावी उत्तीर्ण असलेल्या, लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेल्या आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट-क मधील, तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात, ही गोष्ट आमच्या गावात पेन्शनला आलेल्या सात जणांपैकी दोघांनाच माहीत होती. त्या दोघांपैकी एकाची अर्जाची मुदत आदल्या आठवड्यात संपली होती.

आता माझ्या बाजूविषयी. मी २००४ मध्ये डी.एड. झाले आणि २००५ मध्ये माझे लग्न झाले. सिकंदराबाद, भटिंडा आणि जबलपूर अशा तीन ठिकाणी मी मिळून सात वर्षे खाजगी शाळांत शिकवले. मधली वर्षे यजमान फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, असल्यामुळे सासरी गेली. माझ्याकडे एक निळी प्लास्टिकची फाईल आहे, तिच्यात तीन शाळांचे तीन दाखले आहेत. एकावर तारखा आहेत पण पद नाही, दुसऱ्यावर पद आहे पण शाळेचा मान्यता क्रमांक नाही, आणि तिसरी शाळा आता बंद झाली आहे. गावाकडे परतल्यावर एका संस्थेच्या मुलाखतीत मला विचारण्यात आले की सोळा वर्षांत तीनच नोकऱ्या आणि त्याही अर्ध्यावर सोडलेल्या, तुम्ही एका जागी टिकत का नाही? बदलीचा हुकूम मी काढत नव्हते, असे उत्तर ओठांवर आले होते, पण नोकरी मागायला आलेल्या बाईने तसे बोलू नये, म्हणून गप्प बसले.

माझी गोष्ट वेगळी नाही. आमच्या कॉलनीत राहिलेल्या एका परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होती. परराज्यात कामाला लागायचे, तर तिथल्या परिषदेकडे नोंदणीचे सोपस्कार, त्यासाठी इथले ना-हरकत प्रमाणपत्र आणि शुल्क. हे सारे पुरे होईपर्यंत पोस्टिंगचे एक वर्ष संपलेले असे. शिक्षिकांना राज्याराज्यांच्या वेगळ्या पात्रता परीक्षा आडव्या येतात. अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये कायदा दुरुस्त करून बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या सैनिकाच्या जोडीदाराचा व्यावसायिक परवाना, वकिलीचा अपवाद वगळून, तिथेही चालेल अशी सोय केली. आपल्याकडे परवान्यांच्या यंत्रणा वेगळ्या असल्या, तरी अडचण तीच आहे.

वयाचा प्रश्न तर अधिक टोचणारा आहे. केंद्राच्या नोकरीसाठी माजी सैनिकाच्या वयातून त्याच्या सेवेची सर्व वर्षे आणि वर आणखी तीन वर्षे वजा करतात, ते योग्यच आहे. त्याच वर्षांत त्याच्या मागे घर, मुले आणि सासू-सासरे सांभाळत जिची उमेद गेली, त्या पत्नीला मात्र या सवलतीत स्थान नाही. राज्याची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. यजमान घरी आले, तेव्हा मी ३८ ओलांडलेले होते. सैनिकाच्या पत्नीचा शासनाच्या कागदावर ठळक उल्लेख होतो, तो ती विधवा झाल्यावर. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या मुलांबरोबर विधवांना स्थान आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण जिचा नवरा सुखरूप परत आला आहे, तिलाही शिकावेसे व कमवावेसे वाटू शकते, हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. छावण्यांत लष्कराच्या महिला कल्याण संघटनेतर्फे शिवण, बेकरी, संगणक यांचे वर्ग चालतात आणि अनेकींना त्यांचा आधार मिळतो. मीही भटिंड्याला संगणक शिकले. त्या वर्गाचे प्रमाणपत्र गावी कोणी विचारत नाही, इतकेच.

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण तिथे अजून जपली जाते आणि दरवर्षी त्या गावावर बातम्या येतात. कौतुकाची कमतरता आम्हाला नाही. पंधरा ऑगस्टला सत्कार होतात, नारळ आणि शाल मिळते. मागणी त्याहून साधी आहे आणि तिला खर्चही फारसा नाही.

प्रत्येक जवानाला सेवेच्या अखेरच्या दोन वर्षांत त्याच्या ट्रेडचा एक स्वतंत्र दाखला मिळावा आणि त्यात त्याने कोणती यंत्रे हाताळली, किती माणसांना शिकवले, त्याचे काम कोणत्या नागरी परीक्षेच्या तोडीचे आहे, हे सरळ वाक्यांत, मराठीतही, लिहिलेले असावे. राज्य सरकारने असा दाखला आयटीआयशी समकक्ष धरण्याचा निर्णय काढावा आणि तो जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत कारखान्यांपर्यंत पोहोचवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचे नाव नोंदले जाते, तेव्हा त्याच अर्जात पत्नीचे शिक्षण, अनुभव आणि तिला हवे असलेले काम यांसाठी एक रकाना असावा. आजच्या अर्जात तिचे नाव अवलंबितांच्या यादीत, मुलांच्या वर येते, एवढेच. आणि परराज्यात पतीसोबत काढलेली वर्षे, युनिटच्या दाखल्यावरून मोजून, तिच्या वयातून वजा करण्याची सवलत राज्याच्या भरतीत तरी द्यावी.

हे आता लिहिण्याचे कारण असे की जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागलेल्या लष्करातील अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम होतील आणि उरलेले, पेन्शनशिवाय, सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन, पंचविशीच्या आसपास घरी येतील. माझ्या यजमानांना निदान पेन्शन होती, म्हणून ते आठ महिने गेटवर उभे राहू शकले. त्यानंतर त्यांनी गावात स्वतःचे छोटे गॅरेज टाकले. ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्तीला येतात. त्याच कारखान्याचे दोन ट्रकही येतात, कारण तिथल्या चालकांना त्यांचा हात माहीत झाला आहे. गॅरेजसाठी बँकेने कर्ज देताना पात्रतेचा पुरावा मागितला होता. यजमानांनी डिस्चार्ज बुक दिले आणि साहेबांनी पुन्हा तोच आयटीआयचा प्रश्न विचारला. शेवटी माझे दागिने ठेवून काम भागले.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. कोरेगाव, जि. सातारा