व्हीलचेअर व कॅलिपर दुरुस्ती केंद्रासाठी कळकळीचे आवाहन

सन्माननीय सभासद, देणगीदार, हितचिंतक आणि डिचोली तालुक्यातील समस्त बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मिरग तोंडावर आला आहे आणि आपले दुरुस्ती केंद्र अजून अर्ध्यावरच आहे. चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे पडले. पण आत हत्यारे नाहीत, सुटे भाग नाहीत आणि कारागिराला द्यायला पगार नाही. पाऊस लागला की काय होते ते आपल्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी नि चिखल शिरतो, ती गंजतात आणि चाक जाम होते. कॅलिपरच्या, म्हणजे अशक्त पायाला आधार देणाऱ्या सांगाड्याच्या, चामडी पट्ट्यांवर बुरशी चढते. कुबडीचे रबरी बूच झिजलेले असेल तर शेवाळलेल्या अंगणात पाऊल टाकायची हिंमत होत नाही. मग चांगला कमावता माणूस घरात अडकून पडतो.

संस्था इथवर आली ती कोणाच्या पुण्याईवर, हे नव्या सभासदांना कळले पाहिजे. मास्तरांनी आपल्या घराची पडवी कार्यालयासाठी दिली आणि हयात असेपर्यंत भाड्याचा एक पैसा घेतला नाही. उलट दर शनिवारी लोकांचे अर्ज लिहून द्यायला स्वतः बसत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. तेव्हा नव्याने हक्कदार झालेली माणसे वाड्यावाड्यांवर फिरून मास्तरांनीच शोधून काढली. आज कितीतरी घरांत यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) आहे, त्यामागे त्यांचे ते वळणदार अक्षर आहे.

वाचनालयाचा रॅम्प बांधणाऱ्या मेस्त्रींचे ऋण तर फिटण्यासारखे नाही. पायऱ्यांची उंची अठरा इंच. रॅम्पला एकास बारा हे प्रमाण लागते, म्हणजे लांबी अठरा फूट हवी. जागा अपुरी म्हणून सहा फुटांत उरका, असे सांगणारे पुष्कळ होते. मेस्त्रींनी ऐकले नाही. स्वतः व्हीलचेअरवर बसून पाहिले, मध्ये सपाट टप्पा ठेवून वळण घेतले, अठरा फूट पुरे केले आणि मजुरीचे नाव काढले नाही. त्या उतारावरून आज कोणीही कोणाचा हात न धरता पुस्तक बदलायला जातो. बाजारातल्या भुसारी दुकानाच्या शेटनी सिमेंटचे पैसे भरले (नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही). मुलांना शाळेत ने-आण करणारे आपले पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) बंधू पेट्रोल महागले तरी भाडे वाढवत नाहीत. मुंबईस्थित गोमंतकीय मंडळी गणेशचवथीला गावी आली की आठवणीने पाकीट देऊन जातात. आणि नाट्यमंडळाने आपल्यासाठी खास प्रयोग लावला, देणगी प्रवेशिका घरोघर खपवल्या, त्यातूनच केंद्राच्या भिंती उभ्या राहिल्या. त्या प्रयोगाचे पार्श्वसंगीत आपल्याच सभासदाने सांभाळले होते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे पाय ताठ असतात. पण कुठल्या वाक्यानंतर ढगांचा गडगडाट आणि कुठे नुसती शांतता, हे त्याच्याइतके चोख दुसऱ्याला जमत नाही.

आता मूळ मुद्दा. अपंगत्व आयुष्यभराचे असते तेव्हा साधनाची देखभालही आयुष्यभराची असते. साधने मिळतात, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. अपंगांना साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. पण एकदा साधन घेतले की मोठ्या माणसाला त्याच साधनासाठी पुन्हा ३ वर्षांनीच अर्ज करता येतो. रोज मातीच्या वाटेने जाणारी खुर्ची दुसऱ्याच पावसात कुरकुरू लागते. मधल्या काळात काय करायचे? शिवाय वाटपात बहुधा अठरा इंची सीटची, इस्पितळातली असते तशी खुर्ची येते. तीत सात वर्षांचे मूल बसवले की ते एका कुशीवर कलते आणि तसेच वर्षानुवर्षे बसून पाठीचा कणा वाकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवले आहे की खुर्ची मापाने बसवून द्यावी, वापरायला शिकवावे आणि पुढे दुरुस्तीही पाहावी. आपल्याकडे खुर्ची हाती पडली की काम संपले असे मानतात.

खजिनदार बाईंचे उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर. शिवणवर्ग चालवून त्यांनी दोन भावांची शिक्षणे केली. संस्थेचा हिशेब आजवर पैशानेही चुकलेला नाही. मागे चवथीच्या आदल्या दिवशी कॅलिपरचे गुडघ्याचे लॉक तुटले. घरची माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) दरवर्षी त्यांच्या नजरेखाली बांधली जाते. कवंडळ कुठे, सुपारीचे शिपटे कुठे, सगळे त्या सांगणार. त्या वर्षी आतल्या खोलीत बसून राहिल्या. एक रिव्हेट आणि एक स्प्रिंग, एवढेच काम होते. ते करून देणारा कारागीर मिळेपर्यंत दिवाळी उजाडली.

देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. पण ज्यांना आधी झाला ते आपल्यातच आहेत, पन्नाशी-साठीत आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना इतक्या वर्षांनी स्नायूंचा नवा अशक्तपणा आणि थकवा जाणवतो. ज्या खांद्यांनी जन्मभर कुबड्या पेलल्या ते आता दुखतात. त्यांची साधने हलकी आणि नीट बसणारी हवीत, आणि आत्ता हवीत.

गेल्या वर्षी याच कामासाठी आम्ही घरोघर पत्रके दिली होती. प्रतिसाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आला. काहींनी विचारले, "सरकार पेन्शन देते ना?" गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळतात, त्यावर घरातले औषधपाणी निघते; त्यातून बेअरिंग बदलून होत नाही. व्हीलचेअर वाटपाच्या फोटोला व्यासपीठ अपुरे पडते आणि आमसभेला खुर्च्या रिकाम्या राहतात, याचे वाईट वाटते. इतकी वर्षे आपण सारे एकमेकांना ओळखतो, म्हणूनच मनातले लिहिले.

केंद्राचा एकूण अंदाज ५,८०,००० रुपये (वेल्डिंग यंत्र, कंप्रेसर, चामडे शिवायचे मशीन, हत्यारे, सुटे भाग आणि कारागिराचा एक वर्षाचा पगार), जमा १,९०,०००. आपलेच दोन सभासद काम शिकून पुढे केंद्र चालवणार आहेत, त्यातला एक सायकल दुरुस्तीत मुरलेला आहे. देणगी चेकने किंवा क्यूआरने द्यावी. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास प्राप्तिकराची सूट मिळत नाही. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कार्यालय सोम. ते शनि. दुपारी ४ ते ७. रविवारी खजिनदार बाईंच्या घरी. मे अखेरपर्यंत रक्कम आल्यास मिरगाआधी काम सुरू होईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. घरात पडून असलेली व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या मोडक्या असल्या तरी आणून द्याव्यात, सुटे भाग काढता येतात. आणता येत नसल्यास निरोप द्यावा, रिक्षा पाठवू. नाट्यमंडळाच्या प्रयोगाची दोन पावतीपुस्तके अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी हिशेब बंद होण्यापूर्वी कृपया पोचवावीत.