कॉलेजच्या फुटबॉललाही हंगाम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियम, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) साखळी आणि मग वळीव गाठेपर्यंत एकापाठोपाठ एक चषक. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या संघांच्या सामन्यांचं सविस्तर वर्णन आपल्या पानावर येतं आणि आम्ही ते चवीनं वाचतो. कॉलेजच्या संघांचा हंगाम मात्र कधी लागला आणि कधी उठला, याचा शहराला पत्ताच नसतो. त्यासाठी हे पत्र.

माझा मुलगा इथल्या एका कॉलेजकडून बचावफळीत खेळतो. यंदा भर पावसात ट्रायल झाल्या. सकाळी सहाला चिखलात सराव, मग तसंच आंघोळ उरकून लेक्चरला. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, सगळ्यांना मिळून एकच क्रीडा शिक्षक. ते बिचारे एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पळत असतात. तरी मुलांनी आपापसात ठरवून सराव चालू ठेवला. विभागीय स्पर्धेत पहिला सामना जिंकले. दुसऱ्या सामन्यात पूर्ण वेळ बरोबरी राहिली आणि टायब्रेकरवर हरले. झालं, वर्षाचा हंगाम संपला. राखीव खेळाडूंपैकी तिघांना तर मैदानात पाऊलही ठेवायला मिळालं नाही.

ही एका कॉलेजची गोष्ट नाही, बाद फेरीचा हिशेबच असा आहे. सोळा संघ उतरले तर पंधरा सामन्यांत स्पर्धा आटोपते आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. शिवाजी विद्यापीठाचा पसारा कोल्हापूर, सांगली, सातारा असा तीन जिल्ह्यांचा. त्यामुळे विभागीय, मग आंतरविभागीय आणि त्यातून विद्यापीठाचा संघ, ही उतरंड लागणारच, हे मला समजतं. पण निवड समितीला एखादा मुलगा नव्वद मिनिटं, तेही चिखलात, बघून काय कळणार? पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशची विद्यापीठं समोर येतात. तिथून अखिल भारतीय पातळीवर पोचलं, तर केरळचे संघ भेटतात. कालिकत विद्यापीठानं ही स्पर्धा अनेकदा जिंकली आहे. त्यांच्यासमोर उभं राहायचं, तर अकरा जणांना एकमेकांच्या खेळाची सवय हवी आणि ती खेळूनच होते.

यावर कुणी म्हणेल, पोरं पेठेच्या संघातून खेळतातच की. काही खेळतात, आणि छान खेळतात. पण केएसएच्या वरिष्ठ साखळीत संघ सोळा. कॉलेजच्या संघातली निम्मी मुलं शहराबाहेरची. कुणी गडहिंग्लजचा, तिथं तर फुटबॉलची स्वतःची परंपरा आहे. कुणी राधानगरी, पन्हाळ्याकडून येऊन हॉस्टेलवर राहिलेला. त्यांना इथं ना पेठ, ना तालीम, ना ओळखीचं कुणी. त्यांच्यासाठी कॉलेजचा संघ हाच एकमेव संघ. तो दोन सामन्यांत विसर्जित झाला की बूट पिशवीत जातात, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत. तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे तर कायमचे.

मुलींची अवस्था याहून अवघड. त्यांना पेठेच्या साखळीचा आधारही नाही. शाळेत असताना हिरिरीनं खेळणाऱ्या किती मुली कॉलेजात आल्यावर खेळ सोडतात, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्टेडियमच्या गॅलरीत ज्या पेठांचे समर्थक एकमेकांकडे डोळे वटारून बसतात, त्याच पेठांची पोरं कॉलेजच्या संघात एका रंगाची जर्सी घालतात. माझ्या मुलाच्या शेजारी बचावात खेळणारा मुलगा मंगळवार पेठेचा, आम्ही शिवाजी पेठेचे. तो आता आमच्या घरी जेवायला असतो. हुल्लडबाजीवर दरवर्षी बैठका होतात, बंदोबस्त वाढतो, स्पर्धा थांबवायची वेळ येते. ही मैत्री दोन सामन्यांऐवजी दोन महिने टिकली, तर गॅलरीतही फरक पडेल, असं मला मनापासून वाटतं.

अनिकेत जाधव 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हा सगळ्या कोल्हापूरची मान ताठ झाली. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. लहान वयात बाहेर पडणं प्रत्येकाला जमत नाही. जे इथंच बारावी, बीकॉम, बीए करत राहतात, त्यांच्या पायातही खेळ असतो.

म्हणून माझी विनंती अशी, की शहरातल्या कॉलेजांच्या जिमखान्यांनी एकत्र येऊन जानेवारी-फेब्रुवारीत आंतरमहाविद्यालयीन साखळी सुरू करावी. पहिल्या सत्राच्या परीक्षा तेव्हा उरकलेल्या असतात आणि मैदानं कोरडी. केएसएचे सामने दुपारी असतात, हे सकाळी खेळवावेत. भव्य उद्घाटन, फटाके, मोठी बक्षिसं काही नको. पंचांचं मानधन, चेंडू आणि मैदानाशेजारी प्रथमोपचाराची सोय एवढा खर्च. आठ संघांची एकेरी साखळी अठ्ठावीस सामन्यांत होते. आपल्या वृत्तपत्रानं रोजचा निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं दोन ओळींत छापली, तरी गावाकडे ते कात्रण जपून ठेवलं जाईल.

पहिल्या वर्षी चारच कॉलेजं तयार झाली तरी चालेल. चार संघांच्या दुहेरी साखळीतही प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने येतात.

आपला,
एक पालक
शिवाजी पेठ, कोल्हापूर