प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय? आधी त्याचा पत्ता बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसातला प्रिंटर चालू असतो, कागद असतो, टोनर असतो आणि तरी कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' येतं, मग कोणीतरी ड्रायव्हर काढून परत टाकतं, दोन आठवडे चालतं आणि परत तेच. आमच्याकडे एकाच प्रिंटरची चार नावं लिस्टमध्ये झाली होती आणि नेमकं कुठल्यावर प्रिंट द्यायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र, कारण यात प्रिंटर बिघडलेला नसतोच बऱ्याचदा, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता म्हणजे आयपी बदललेला असतो.

राउटर हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. लाइट गेली, राउटर रीस्टार्ट झाला की काल १९२.१६८.१.२० असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.३३ होऊ शकतो आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो.

मी आधी प्रिंटरच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने टाकला आणि चूक केली. तो पत्ता राउटर ज्या रेंजमधून वाटप करतो त्यातलाच निघाला, काही दिवसांनी राउटरने तोच एका लॅपटॉपला देऊन टाकला आणि मग कधी प्रिंट यायची कधी नाही, हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला कारण वरवर सगळं बरोबर दिसत होतं. हाताने टाकायचाच असेल तर त्या रेंजच्या बाहेरचा घ्या, सबनेट मास्क (नेटवर्क केवढं आहे ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) पण नीट भरा.

माझ्या मते त्याहून चांगलं म्हणजे राउटरमध्येच रिझर्व्हेशन करणं. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क रिपोर्ट छापायचा, त्यावर १२ अक्षरं-आकड्यांचा मॅक अॅड्रेस म्हणजे त्या प्रिंटरचा ओळख क्रमांक असतो, तो राउटरच्या डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये टाकून त्याच्यासमोर एक पत्ता राखून ठेवायचा आणि प्रिंटर ऑटोमॅटिकवरच सोडायचा. रिपोर्टवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी केबल किंवा वायफाय बघा.

मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधे पोर्ट्समध्ये जाऊन 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून तो पत्ता द्या, विंडोज स्वतः प्रिंटर शोधून जोडतं त्या डब्ल्यूएसडी पोर्टवर सोडू नका, आमचा त्रास तिथेही होता. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर एकदाच करावं लागतं. आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की बहुतेक प्रिंटरचं सेटिंग पेज उघडतं, त्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिला असेल तर तो आजच बदला, ते पेज नेटवर्कवरचा कोणीही उघडू शकतो.

आपल्या पेपरात नवीन मोबाइलची माहिती भरपूर येते, तशी ऑफिसातल्या या रोजच्या गोष्टींचीही येऊ द्या ही विनंती. आमच्या प्रिंटरवर आता पत्त्याची चिठ्ठी चिकटवली आहे, नवीन माणूस आला की बघून स्वतःच जोडून घेतो.

आपला,
एक नियमित वाचक