वेब वर गेली म्हणून काय झालं?

मुलुंड, मुंबई

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ‘जेम्स वेब ही दुर्बीण अंतराळात वर गेलीय, मग आता डोंगरावरच्या दुर्बिणींवर पैसे कशाला घालवायचे?’ तेव्हा मी लोकलमध्ये होतो, वाद घालता आला नाही. आता घालतो.

वेबचे फोटो देखणे आहेत, कबूल. पण ताऱ्याचा फोटो कितीही मोठा केलास तरी बहुधा ठिपकाच. त्याची कुंडली असते वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात. आमच्या जिन्यात अजून एक जुनी ट्यूबलाइट आहे. तिच्याखाली डीव्हीडी तिरकी धरली की सलग रंग दिसत नाहीत, सुटे पट्टे दिसतात. त्यातला निळा-जांभळा पट्टा पाऱ्याच्या वाफेचा. (सोसायटीचे सेक्रेटरी ‘काय चाललंय?’ म्हणून दोनदा डोकावून गेले.) ताऱ्यात याच्या उलट. सलग रंगांवर बारीक काळ्या रेषा, लोखंड, सोडियम, कॅल्शियम, ज्याची त्याची जागा ठरलेली.

या रेषा नीट सुट्या करायला यंत्र दांडगं लागतं. चिलीत ला सिला इथल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर २००३ पासून हार्प्स हा स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वर्णपट टिपणारं यंत्र आहे. त्याची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे रंग सुटे करायची ताकद, सुमारे १,१५,०००. वेबवरच्या निअरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफची जास्तीत जास्त २,७०० च्या आसपास. वेबला नावं ठेवत नाही, तिचं काम वेगळं.

आता म्हणशील, एवढी बारीक फोड हवी कशाला? ग्रह फिरताना ताऱ्यालाही किंचित हलवतो, आणि तारा आपल्याकडे येताना, दूर जाताना रेषा पुढे-मागे सरकतात. १९९५ मध्ये मेयर आणि केलो या खगोलशास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह असाच पकडला. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलवतो, आपली पृथ्वी जेमतेम ९ सेंटीमीटर. हार्प्सला सेकंदाला सुमारे एक मीटर कळतो, म्हणजे दादरच्या पुलावर संध्याकाळी माणूस ढकलला जातो तेवढा वेग! प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरवर ही सरक पिक्सेलच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. एका रेषेवरून काहीच कळायचं नाही, हजारो रेषा एकत्र मोजतात तेव्हा कुठे आकडा हाती लागतो.

इथेच जमीन जिंकते. यंत्र जराही हलून चालत नाही. म्हणून ते दुर्बिणीला टांगतच नाहीत. प्रकाश काचेच्या तंतूतून बंद खोलीतल्या निर्वात टाकीत आणतात, आणि तिचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापलीकडे हलू देत नाहीत. सोबत थोरियम-आर्गॉनचा दिवा; त्याच्या रेषांच्या जागा ठाऊक असतात, म्हणून त्या मोजपट्टीवरच्या खुणांसारख्या वापरतात. त्यात पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटर धावते, तोही हिशेब वजा करायचा. एवढं अवजड, लाडावलेलं यंत्र वर पाठवून दुरुस्तीला कोण जाणार? शिवाय एकाच ताऱ्यामागे वर्षानुवर्षं लागावं लागतं.

आणि दुर्बीण प्रचंडच हवी असंही नाही. माउंट अबूला पीआरएलच्या (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा) अवघ्या १.२ मीटरच्या दुर्बिणीवर ‘पारस’ हा स्पेक्ट्रोग्राफ आहे. त्याने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाचा ग्रह पक्का केला. आता तिथेच २.५ मीटरच्या दुर्बिणीवर पारस-२ आहे.

अडचण आहे ती ताऱ्यांचीच. त्यांचा पृष्ठभाग सतत उकळत असतो, वर डाग. त्या खळबळीत पृथ्वीसारख्या ग्रहाचे ९ सेंटीमीटर हरवून जातात. चिलीतल्याच पारानालच्या एस्प्रेसो या स्पेक्ट्रोग्राफने १० सेंटीमीटरचं लक्ष्य ठेवलंय. यंत्र सुधारता येईल रे, तारा कसा सुधारणार? मला विचारशील तर पुढची झुंज हीच.

दिवाळीनंतर ये. वांगणीला रात्रभर आकाश बघू आणि पैशांवर तिथेच भांडू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद