गाठ दाबू नकोस

खानापूर, रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी गप्प. चुकलंच माझं. इकडे सगळे बरे, पाऊस काही उघडत नाही. पण मोतीच्या बरगडीवरची गाठ वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

ती दाबू नकोस, पोरांनाही दाबू देऊ नकोस. वय झालेल्या कुत्र्याला कातडीखाली मऊ, बोटाखाली सरकणारी चरबीची गाठ येते; ती बहुतेक वेळा त्रास देत नाही. पण मास्ट सेलची गाठ, म्हणजे कॅन्सरची, हुबेहूब तशी दिसू शकते. दाबली की तिच्यातून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, भोवती लाल होऊन सुजतं, कधी उलट्याही होतात. आज मोठी, चार दिवसांनी लहान, आणि आपण "उतरली" म्हणून निवांत! नुसता हात लावून डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. वाटाण्याहून मोठी आहे, महिना झालाय, मग बारीक सुईनं पेशी काढून काचेवर तपासायला सांग की. थेट कापायला निघाले तरी आधी सुईच, कारण मास्ट सेल असेल तर भोवतालची चांगली कातडीही काढावी लागते. कापलेला तुकडा फॉर्मेलिनमधून तपासणीला गेलाच पाहिजे. तोवर पट्टीनं मोजून कॅलेंडरवर लिही.

तू लिहिलेली शेपटीजवळची ओली जखम वेगळी. पिसवा चावतात, तो चाटतो, मग चिघळते. कुत्र्याच्या जिभेत औषध असतं म्हणून संकेश्वरच्या स्टँडवर माझ्याशी भांडला होतास. अजूनही सांगतो, चाटण्यानंच ती पसरते. गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घाल, लग्नातल्या कर्ण्यासारखा दिसला तरी चालेल. भोवतीचे केस मशीननं काढ. कात्रीत कातडी सापडते. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा धू, टिपून कोरडी ठेव. हळद-तेल थापू नकोस, खाली ओल कोंडते. झिंकचं मलम चाटलं तर विषबाधा होऊ शकते. क्रोसिन, ब्रुफेन अजिबात नको. वास सुटला किंवा बारीक भोकं दिसली तर आळ्या पडल्यात. फिनेल, टर्पेंटाइन न ओतता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

वहिनींची चिक्कोडीची बदली झाली का? स्लॅब टाकून झाला?

बुधवारी निपाणीला येतोय. केसांचं मशीन आणतो, मग दोघं मिळून त्याला घेऊन जाऊ. सुई टोचताना कुणीतरी त्याचं डोकं धरायला हवं.

तुझा,
विनू