डावा डोळा नव्हे, डावी बाजू

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डोळ्यांवरचा लेख वाचला. भाषा सोपी, मांडणी सुबक, चित्राने तर अर्धे पान व्यापलेले. आणि नेमके तेच चित्र चूक. उजव्या डोळ्यापासून निघालेली तांबडी रेघ डाव्या मेंदूत, डाव्या डोळ्याची निळी रेघ उजव्या मेंदूत, मध्ये झोकदार फुली. छापण्याआधी हे कुणा जाणकाराला दाखवले होते का?

अशी रचना असते, नाही असे नाही. कबुतराची असते. बहुतेक पक्ष्यांत आणि माशांत एका डोळ्याचे जवळजवळ सगळे मज्जातंतू पलीकडच्या मेंदूत जातात. माणसात साधारण निम्मेच जातात. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा नाकाकडचा भाग आपले तंतू पलीकडच्या मेंदूला पाठवतो, कानाकडच्या भागाचे तंतू आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे समोरच्या दृश्याची डावी बाजू, मग ती कुठल्याही डोळ्याने पाहिलेली असो, उजव्या मेंदूत पोचते. आयझॅक न्यूटनने १७०४ साली हा अंदाज छापून ठेवला होता. आपल्या चित्रकारापर्यंत तो अजून पोचायचा आहे, एवढेच.

एवढ्याशा रेघेचा काय कीस काढायचा, असे आपल्याला वाटेल. मला वाटत नाही, कारण या रेघेने आमच्या ताईचे नुकसान केले. एका सकाळी उठल्यावर तिला डावीकडचे दिसेना. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा, आपले वर्तमानपत्र वाचताना ओळीची सुरुवातच सापडायची नाही. ती म्हणाली, 'डाव्या डोळ्याने दिसत नाही.' कुणीही असेच म्हणेल. पण ज्यांच्याकडे नेले त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तिचा शब्द जसाच्या तसा उचलला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि शस्त्रक्रियेची तारीख काढायला सांगितले. नव्या चष्म्यातूनही चौकट तिथेच आणि खांदाही तिथेच.

पुढे दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवले, एकेक डोळा झाकायला लावला आणि बाजूला बोटे हलवली. डावा डोळा झाकला, डावीकडची बोटे दिसेनात. उजवा झाकला, तरी डावीकडचीच दिसेनात. बाईंनी तिथल्या तिथे सांगितले, 'डोळे ठीक आहेत, मेंदूचा फोटो काढा.' उजव्या मेंदूच्या पाठीमागच्या भागात, म्हणजे दृष्टीचे पहिले मोठे काम जिथे चालते तिथे, रक्तपुरवठा तुटला होता. स्ट्रोक होता तो. हात-पाय शाबूत, बोलणे स्वच्छ, तोंड वाकडे नाही, म्हणून कुणाच्या मनातही आले नाही. स्ट्रोकमध्ये पहिले काही तासच काय ते हाती असतात. ते चष्म्याच्या काचा निवडण्यात गेले.

आता सांगा, आपले चित्र पाहिलेला वाचक उद्या काय करील? एकदम डावीकडचे दिसेनासे झाले तर 'डावा डोळा बिघडला' म्हणत स्वस्थ बसेल. खरे तर घरच्या घरी डोळे आलटून पालटून झाकून पाहावे. दोन्ही डोळ्यांना एकच बाजू दिसत नसेल, तर खोट डोळ्यांच्या मागे असण्याची शक्यता मोठी आणि तडक मोठे रुग्णालय गाठायला हवे. एकच डोळा अचानक गेला तरी थांबू नये, पण ते दुखणे वेगळे. एवढी चौकट छापली असती तरी लेखाचे सार्थक झाले असते. त्याऐवजी चौकटीत काय होते? 'मेंदू चित्रे मजकुरापेक्षा ६०,००० पट वेगाने समजून घेतो.' वा! हे कुणी मोजले, कसे मोजले? आणि अक्षरे कशाने वाचतात म्हणे, कानाने?

'पडद्यावर उलटी पडलेली प्रतिमा मेंदू सुलटी करतो' हेही वाक्य आहेच. मेंदूत कुणी सिनेमा बघत बसलेले नसते, की ज्याच्यासाठी फिल्म सरळ लावावी. दृष्टीच्या त्या पहिल्या ठाण्यावरसुद्धा दृश्याचा वरचा भाग खाली आणि खालचा भाग वरच नोंदलेला असतो. त्याने काहीही अडत नाही. हा नकाशा कसा सापडला, ती हकीकत लेखात असती तर मी आनंदाने वाचली असती. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार जाऊनही वाचलेल्या सैनिकांना पेन्शन किती द्यायचे हे ठरवण्यासाठी तात्सुजी इनोउये हा जपानी नेत्रतज्ज्ञ त्यांची नजर तपासत असे. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि नजरेचा कोणता तुकडा गेला, हे ताडून पाहत त्याने नकाशा मांडला. पेन्शनच्या कागदांतून मेंदूचे शास्त्र! पण आपल्याला ६०,००० पट हवे.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर फिक्या पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी छापले होते. काय होते ते मला सांगता येणार नाही, कारण वाचताच आले नाही. पिवळा आणि पांढरा यांतला फरक मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींना, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना, कळतो. त्या मुळात थोड्या, आणि नजर जिथे रोखून आपण वाचतो त्या मध्यबिंदूत तर नसतातच. दृष्टीवरच्या लेखाशेजारी हे छापायला धाडस लागते.

चित्राची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच आकारात यावी. आतल्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत नको. पत्र लांबले आहे. कापायचे झाल्यास पिवळ्या पट्टीचा परिच्छेद खुशाल कापा, पण डोळे झाकून पाहण्याचा भाग राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक