कुठे थांबलात?

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

या महिन्याच्या 31 तारखेनंतर खिडकीजवळच्या त्या टेबलापाशी तुम्ही नसणार, हे मला वाचनालयाच्या दारावरच्या चिठ्ठीवरून कळलं. इमारत पुनर्विकासाला जाणार, सभासदांनी पुस्तकं जमा करावीत, असं वर ठळक, आणि ग्रंथपाल निवृत्त होत आहेत ही ओळ तळाशी बारीक अक्षरात. अक्षर तुमचंच. स्वतःबद्दल काही लिहायचं म्हटलं की ते बारीक होणारच. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "वर्गणी भरलीत ना, मग झालं" म्हणून मागच्या माणसाचं कार्ड घ्यायला हात पुढे केला असता. म्हणून हे उघड पत्र लिहितेय. चारचौघांनी वाचलं की तुम्हाला नुसता शिक्का मारून बाजूला ठेवता येणार नाही.

तुमच्या लक्षात असेल-नसेल, मी पहिल्यांदा आले ती सप्टेंबर 2024 मध्ये. 'तुंबाड' सिनेमा तेव्हा पुन्हा थिएटरांत लागला होता. मुलगा बारावीत, पण एक रविवार सुट्टी म्हणून आम्ही दोघं बघून आलो. डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना, डोंबिवलीत राहून वीस वर्षांत जो जिना कधी चढले नव्हते तो चढले आणि विचारलं, "तुंबाडचं पुस्तक आहे का?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत, आत गेलात, आणि खाकी कव्हर घातलेला एक ठोकळा आणून ठेवलात. श्री. ना. पेंडसे, 'तुंबाडचे खोत', खंड पहिला. वर म्हणालात, "यात सिनेमातला तो हस्तर राक्षस नाही. पण भूक आहे."

सिनेमानं नाव तेवढं या कादंबरीचं घेतलंय आणि मूळ प्रेरणा भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या 'आजी' या कथेची आहे, हे तुम्ही मला पुस्तक परत करताना सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी धारप घेऊन गेले असते आणि बहुधा पुन्हा जिना चढले नसते. काका, ही लबाडी होती. तिच्याबद्दल पहिले आभार.

ते दोन खंड मी अडीच महिने वाहिले. सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, चौथी सीट मिळाली तर नशीब. बाजूची बाई मटार सोलतेय आणि माझ्या मांडीवर खोतांच्या चार पिढ्या. नात्यांचा एवढा गुंता, की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढून ती पुस्तकात खूण म्हणून ठेवली. (परत करताना तशीच राहिली. पुढच्या वाचकाला उपयोग झाला असेल.) पहिल्या खंडानं मला अक्षरशः ओढून नेलं. जगबुडी नदीचं पाणी, गर्द झाडी, माणसांचा माज आणि त्या माजाला आतून लागलेली कीड, असं सगळं लिहायला पेंडशांसारखा दापोलीकडचाच माणूस हवा. आयुष्यभर मुंबईत बेस्टची नोकरी करून त्यांनी मनात गाव किती राखलं होतं, याचं नवल वाटत राहिलं. दुसऱ्या खंडात मात्र मी दमले. राजकारण येतं, चर्चा येतात, माणसं वाढत जातात आणि नदी मागे पडते. चारशे पानं कमी चालली असती, हे माझं मत आजही कायम आहे.

पण माझं खरं भांडण पानांशी नव्हतं. पुस्तक जमा करताना तुम्ही तुमचा तो एकच प्रश्न विचारलात, "कुठे थांबलात?" मी म्हटलं, थांबले नाही, पूर्ण केलं. तुम्ही म्हणालात, "पूर्ण करणारा पण मध्ये कुठेतरी थांबतोच की." तेव्हा मी भडाभडा बोलले. माझं आजोळ खेडच्या बाजूचं, आणि आम्ही गावाचा सारा गोळा करणारे खोत नाही, आम्ही त्यांची जमीन कसणारी कुळं. आजी सांगायची, पहिलं पीक आपल्या घरात यायच्या आधी खोताच्या ओटीवर जायचं, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून वेठीला जायचं. कादंबरी वाचताना वाडा ढासळतो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच मला राग आला. त्या वाड्याचे चिरे कुणी वाहिले, ते पुस्तकाच्या कडेकडेनं दिसतं, मधोमध नाही. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्षात ती गेली स्वातंत्र्यानंतर, 1949च्या कायद्यानं. तोवर माझ्या आजीच्या दोन पिढ्या राबून संपल्या होत्या. मागे रांग लागली होती आणि मी बोलतच होते. तुम्ही मध्ये "पेंडसे थोर लेखक आहेत हो" असं एकदाही म्हणाला नाहीत. सगळं ऐकून घेतलंत, आत गेलात आणि त्याच लेखकाची 'रथचक्र' माझ्यासमोर ठेवलीत. "ज्याच्याशी भांडलात त्यालाच परत बोलू द्या की."

'रथचक्र' 1962ची. नवरा घर सोडून बैरागी झालाय, एकत्र कुटुंबात तिला कुणी विचारत नाही, आणि मुलांना शिकवायचंच या एका हट्टावर ही बाई उभी आहे. वाडा इथेही आहे, पण या वेळी तो चुलीपाशी बसून बघायचा. माझा मुलगा बारावीचा अभ्यास करत बाहेर बसलेला, मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत पुस्तक वाचतेय. भाजी दोनदा लागली. खोतांबद्दलचा राग गेला नाही, जायचं कारणही नाही. पण पेंडशांवरचा गेला. हे तुम्हाला आधीच माहीत होतं का? विचारलं तर तुम्ही पंख्याचं बटण शोधायला लागलात.

मग धारप. ते मुलासाठी नेले आणि मीच वाचत बसले. धारपांची भीती बंगल्यात, जंगलात नसते. पेन्शनीतला माणूस, भाड्याची खोली, देवघरातली समई, अशा ओळखीच्या जागेत ती हळूच येऊन बसते. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली आहे हे कळल्यावर मुलाचा हिरमोड झाला, माझा नाही. परकं भूत मराठी घरात आणून त्याला इथल्या सवयी लावायच्या म्हणजे खायचं काम नाही. एकदा डब्यातले दिवे क्षणभर गेले, तेव्हा नेमकं धारपांचंच पुस्तक हातात होतं. किंचाळले नाही. शेजारणीचा दंड मात्र घट्ट धरला.

'पानिपत' मी निम्म्यात परत आणलं. विश्वास पाटलांची ती कादंबरी आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी तीन-तीनदा वाचलीय, त्यामुळे मान खाली घालून आले होते. तुम्ही विचारलंत, कुठे थांबलात. म्हटलं, अब्दालीनं यमुना ओलांडली तिथे, पुढे काय होणार ते माहीत असताना वाचवेना. तुम्ही शिक्का मारत म्हणालात, "भाऊसाहेबांनाही तिथूनच परत फिरता आलं असतं, तर..." मी जिना उतरेपर्यंत हसत होते. पुस्तक अर्धवट टाकलं म्हणजे आपण नापास झालो, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं काहीतरी त्या जिन्यावर सुटलं. त्यानंतर मी आणखी सहा कादंबऱ्या अर्धवट परत केल्या. त्यांची नावं इथे लिहीत नाही, पण तुमच्या नोंदवहीत आहेत.

20 मे 2025ला जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात तुम्ही दारातल्या टेबलावर त्यांची पुस्तकं मांडलीत, ना हार ना फोटो. मी 'वामन परत न आला' उचललं. स्पष्ट सांगते, त्यातली माणसं मला पुठ्ठ्याची वाटली. एकमेकांशी बोलतात ती सेमिनारमध्ये बोलल्यासारखी. पण जमिनीखाली सापडलेल्या जुन्या ज्ञानातून माणसानं घडवलेलं यंत्र माणसालाच गुंडाळायला निघतं, ही कल्पना 1980च्या दशकात मराठीत लिहून ठेवलेली आहे! मुलगा रोज ज्या एआयशी गप्पा मारतो त्याच्याबद्दल मला पहिली नीट शंका या पुस्तकानं दिली. त्यालाही वाचायला लावलं. त्याला माणसं खटकली नाहीत. म्हणाला, सायन्सवाले असेच बोलतात.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'बद्दल मी तुमच्याशी बोललेच नाही. पुस्तक ठेवलं आणि निघाले, आणि त्या एकाच वेळी तुम्हीही काही विचारलं नाहीत. 1939ची कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि प्रेमात एकदा पोळलेला एक मराठी तरुण, चक्रधर. दीडशेच्या आसपास पानं असतील, मी तीन दिवस पुरवून वाचली. शेवटाकडे दादर गेलं, भायखळा गेलं, गाडी सीएसएमटीला रिकामी झाली तरी मी बसून होते. बोटीवरच्या ज्यू तरुणीचं, हॅर्टाचं, काय होतं ते इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. चक्रधर मला आवडला नाही. तो वाईट नाही, पण बोट किनाऱ्याला लागते तेव्हा तो उतरतो, आणि उतरणं त्याला परवडतं. इतक्या वाचनात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असं कुणी विचारलं तर याच पुस्तकाचं नाव सांगीन, कारण मात्र सांगता येणार नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' तुम्ही देताना जरा घुटमळलात. मी घेईन का, असं वाटलं असावं. भाऊ आणि बहीण, दोघंही घरात भाड्यानं राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात. सगळे भावाच्या भागाबद्दल बोलतात, मला बहिणीचा जास्त भावला. ती फार शब्द वापरत नाही. पण मी वाचली आई म्हणूनच. त्या घरातले आईवडील शेजारच्या खोलीत आहेत आणि त्यांना काहीच माहीत नाही. त्या रात्री मी मुलाच्या खोलीचं दार वाजवून आत गेले आणि काही न सुचून "दूध घेणार का?" एवढंच विचारलं.

आता शेवटचं पुस्तक, जे अजून माझ्याकडे आहे आणि ज्याची मुदत उलटून गेलीय.

मुलगा ऑगस्टपासून पुण्यात, होस्टेलवर. मी तुम्हाला ते सांगितलं त्या दिवशी तुम्ही भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' दिलीत. मी म्हटलं, नको, कॉलेजात असताना चाळीस पानांवर सोडलीय. त्यात सारख्या येणाऱ्या 'उदाहरणार्थ'नं डोकं उठलं होतं. तुम्ही म्हणालात, "तेव्हा तुम्ही पांडुरंगाच्या वयाच्या होतात. आता त्याच्या वडलांच्या झालात."

बरोबर होतं तुमचं. 1963ची कादंबरी, नेमाडे तेव्हा जेमतेम पंचविशीचे, खानदेशातल्या सांगवीचा हा पांडुरंग पुण्यात शिकायला जातो आणि वडलांचे पैसे मेस, होस्टेल, मित्र आणि भलत्याच उद्योगांत उडवतो. विशीत मला तो भाव खाणारा वाटला होता. आता मी प्रत्येक पानावर हिशेब करत होते. यानं आज किती मागवले, वडील काय म्हणाले असतील, पत्रात काय लिहिलं नाही. मध्येच मुलाचा मेसेज येतो, मेसचे पैसे पाठव. मी पाठवते आणि पुन्हा पांडुरंग सांगवीकरकडे वळते. वडील त्याला कळत नाहीत, पण मला कळतात, आणि तरी तो सांगत असतो तेव्हा मी त्याच्या बाजूनं असते. ही करामत नेमाड्यांनी कशी केली ते मला उलगडलेलं नाही. तिरकस बोलता बोलता हसवतो आणि त्या हसण्याखाली केवढी पोकळी आहे हे नंतर, भांडी घासताना लक्षात येतं. मी ही कादंबरी विशीत पूर्ण केली असती तर आवडली असती, पण अशी लागली नसती. तेव्हा सोडली ते बरं झालं, असं म्हणायचं धाडस मला तुमच्याचमुळे होतंय.

काका, मी तुमच्याकडून पुस्तकं नेली ती गेल्या वर्षा-दीड वर्षात चाळीसच्या वर. त्याआधीच्या पंधरा वर्षांत मी एकही कादंबरी वाचली नव्हती. लोकलमध्ये अंगठ्यानं स्क्रीन वर ढकलत बसायचे. तुम्ही मला कधी "हे वाचाच" म्हणाला नाहीत, कधी "एवढं कसं नाही आवडलं?" म्हणाला नाहीत. मला मत आहे, ते चुकीचंही असू शकतं, आणि ते पंख्याखाली उभं राहून मोठ्यानं बोलता येतं, हे मला माझ्या घरात, ऑफिसात कुणी दिलं नव्हतं. नव्या जागेत वाचनालय कधी सुरू होईल, होईल की नाही, माहीत नाही. तुमचा फोन नंबर घ्यायचा तर तुम्ही द्याल असं वाटत नाही. पण तुम्ही रोज सकाळी स्टेशनासमोरच्या टपरीवर चहा घेता, हे मी पाहून ठेवलंय.

'कोसला' शनिवारी आणून देते. तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी थांबलेय. तो पुण्यात असताना ती देवीच्या रोगानं जाते. ती पानं वाचून आठ दिवस झाले, पुढचं पान उलटलेलं नाही. या वेळी सोडणार नाही, नुसती थांबलेय.

दंड किती झाला ते काढून ठेवा.

तुमची,
एक सभासद, लेडीज डबा, डोंबिवली